मदत हवी आहे: मॉडेलमधले दोन पॅरामीटर आपसात जागा बदलतात

नमस्कार मंडळी,
शरीरात फ्लूचा विषाणू एका पेशीतून दुसरीत कसा पसरतो, याचं नेहमीचं तीन समीकरणांचं मॉडेल पायथनमध्ये लिहिलंय. निरोगी पेशी बीटा दराने बाधित होतात. बाधित पेशी मरेपर्यंत पी दराने विषाणू सोडतात आणि डेल्टा दराने मरतात. सुटे विषाणू सी दराने नष्ट होतात. सुरुवातीच्या निरोगी पेशी ४० कोटी धरल्यात, २००६ च्या एका गाजलेल्या पेपरात आहेत तशाच.

डेटा म्हणजे आठ दिवस रोज एकदा मोजलेला विषाणूंचा भार. फिट झकास बसतो. पण एका सुरुवातीच्या अंदाजावरून डेल्टा दिवसाला ४.१ (म्हणजे बाधित पेशीचं सरासरी आयुष्य २४ भागिले ४.१, सुमारे ६ तास) आणि सी दिवसाला ३.० येतो, तर दुसऱ्यावरून नेमकं उलटं! चूक दोन्हीकडे जवळजवळ तेवढीच. दोन रात्री टायपो शोधण्यात गेल्या. मला तर नेमकं हेच हवंय, की बाधित पेशी सरासरी ६ तास जगते की ८?

जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद:
टायपो नाहीये, झोपा. विषाणूच्या समीकरणाचं आणखी एकदा विकलन करा आणि त्यातून बाधित पेशी काढून टाका. उरलेल्या समीकरणात सी आणि डेल्टा फक्त बेरीज आणि गुणाकाराच्या रूपात येतात. मग कोण कोणता, हे त्याला कळणार कसं? फरक पडतो तो अगदी सुरुवातीच्या उतारात, आणि तो तुमच्या पहिल्या मोजणीआधीच संपलेला असतो.

एचआयव्हीत १९९६ साली हे दोन आकडे वेगळे काढता आले, कारण तिथे औषध देऊन समतोल मोडला आणि सुरुवातीला दर दोन तासांनी रक्त तपासलं. सुट्या विषाणूचं अर्धायुष्य सुमारे ६ तास निघालं, बाधित पेशीचं सुमारे १.६ दिवस. रोजच्या एका मोजणीत हे जमणार नाही. सी दुसऱ्या एखाद्या प्रयोगातून आणा.

जाता जाता, ४० कोटींवरही फार विसंबू नका. ते दुप्पट करून पाहा.

धागाकर्ता:
केले. पी बरोबर निम्मा झाला, आलेख जागचा हलला नाही. कमाल आहे! मग तूर्त रिपोर्टमध्ये "६ ते ८ तास" असं लिहू का?

प्रतिसाद:
"६ ते ८" नको, "६ किंवा ८" लिहा. सात तास तुमच्या डेटातून कुठेच येत नाहीत.