मॉडबस मीटर बसवले, पण एकावर किलोवॅट उणे आणि तीन मधेच गायब

सीएनसी_जॉबवर्क
भोसरीत १२ सीएनसी मशीन, दोन शिफ्ट, २२ किलोवॅटचा लोड-अनलोड (कधी हवा भरणारा, कधी नुसता फिरणारा) स्क्रू कॉम्प्रेसर. गिऱ्हाईक शेअर बाजारातली कंपनी आहे. बीआरएसआर या व्यवसायाच्या जबाबदारी आणि शाश्वततेच्या अहवालासाठी ते पुरवठादारांकडूनही वीज आणि कार्बनचे आकडे मागतात. म्हणून आठ एनर्जी मीटर आरएस-४८५ केबलवरून, मॉडबस या डेटाच्या भाषेत, एका गेटवेला (आकडे गोळा करणाऱ्या पेटीला) जोडले. कॉम्प्रेसरचं मीटर कमी आणि अधूनमधून उणे किलोवॅट दाखवतं. शेवटचे तीन मीटर दिवसा गायब होतात, मशीनं बंद झाली की परत येतात. मागच्या शेडमधल्या पंपाच्या मीटरपर्यंत केबल नेणं अवघड आहे, तिथे वायफाय चालेल का? आणि हे सगळं करून वीज कमी कशी होणार?

पॅनलवाला
आधी तिन्ही फेजचं किलोवॅट सुटं बघा. एकच फेज उणे असेल तर तिची सीटी (तारेभोवतीचं करंट मोजणारं कडं) उलटी बसली आहे. एका फेजचा पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेतला खरंच कामी येणारा भाग) ०.८५ आणि बाकी दोघांचे विचित्र असतील तर आर-वाय-बी या तीन फेजमध्ये अदलाबदल झाली आहे: सीटी एका फेजची, व्होल्टेज दुसऱ्याचं. सीटीच्या एस१-एस२ तारा बदलताना फीडर बंदच हवा. चालू लोडवर सीटीचं सेकंडरी उघडं राहिलं तर तिथे जीवघेणं व्होल्टेज येतं. दुरुस्तीची तारीख लिहून ठेवा; त्याआधीचे युनिट गिऱ्हाइकाला देऊ नका.

गायब होणारे मीटर म्हणजे मशीनच्या मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हचा नॉइज, तो केबलमधला सिग्नल बिघडवतो. केबल पॉवर ट्रेमधून नेली आहे का? वेगळी काढा. शिल्डेड ट्विस्टेड पेअर, शिल्डचं अर्थिंग एकाच टोकाला. जोडणी मीटर ते मीटर अशी साखळीत. पॅनलमधून चार फाटे काढले की सिग्नल परत आपटतो. १२० ओहमचे रेझिस्टर फक्त केबलच्या दोन टोकांना. बॉड रेट (डेटाचा वेग) ९६०० पुरे, आठ मीटरना घाई कसली?

पंपासाठी लोरा (लांब पल्ल्याचा बिनतारी रेडिओ) घ्या. वायफाय पत्र्याच्या दोन शेडमधून नीट जात नाही. मॉड्यूल भारताच्या ८६५–८६७ मेगाहर्ट्झ बँडवर सेट करा. बाहेरून आलेले बरेच ८६८ वर असतात.

हवा_गळती
वीज कुठे कमी होणार ते तुमच्या कॉम्प्रेसरच्या मीटरवरच दिसेल. सुट्टीच्या दिवशी सगळी मशीनं बंद, मशीनपर्यंतच्या हवेच्या लाइनचे व्हॉल्व्ह उघडे ठेवून कॉम्प्रेसर चालवा. मीटर दर ५ सेकंदांनी वाचा म्हणजे लोड-अनलोडच्या पायऱ्या स्पष्ट दिसतात. १५ मिनिटांच्या सरासरीत त्या पुसल्या जातात. समजा लोड दीड मिनिट, अनलोड साडेचार. १.५ भागिले ६, म्हणजे २५ टक्के गळती.

२२ किलोवॅटच्या २५ टक्के, म्हणजे साडेपाच किलोवॅट. पण तेवढे सगळे वाचत नाहीत. विक्रेते इथेच फुगवून सांगतात. गळती बंद झाल्यावर मशीन थांबत नाही, अनलोडवर जातं, आणि अनलोडवरही साधारण ३० टक्के वीज खातं. हाती लागतात ३.८५ किलोवॅट. वर्षाला ४,८०० तास धरले तर १८ हजार युनिटच्या वर.

साबणाचं पाणी घेऊन क्विक कपलिंग, होजच्या क्लिपा, एफआरएलचे (हवेच्या फिल्टर-रेग्युलेटर-ल्युब्रिकेटरचे) बाऊल आणि अडकलेला ऑटो ड्रेन (साचलेलं पाणी आपोआप सोडणारा व्हॉल्व्ह) बघा. मग प्रेशर. ७ बारचं ६ केलं की सुमारे ६–७ टक्के वीज कमी लागते, पण आधी शेवटच्या मशीनवरचा गेज बघा.

सीएनसी_जॉबवर्क
शिफ्ट संपल्यावर हेडरवरचा (हवेच्या मुख्य पाइपवरचा) मोटराइज्ड व्हॉल्व्ह गेटवेकडूनच बंद करवला तर?

हवा_गळती
चालेल, पण सरसकट नको. स्पिंडलला (मशीनच्या फिरत्या दांड्याला) एअर पर्ज, म्हणजे कूलंट बाहेर ठेवणारी हवा, असेल तर कंट्रोल चालू असेपर्यंत त्या मशीनची हवा तोडू नका. कूलंट बेअरिंगमध्ये शिरतं. मशीनच्या मुख्य स्विचचा सिग्नल घ्या, सगळी बंद असतील तरच व्हॉल्व्ह फिरू दे. हाताने उघडायची सोयही हवी, नाहीतर गेटवे हँग झाला की पहिली शिफ्ट खोळंबेल.

पॅनलवाला
दोन गोष्टी राहिल्या. महिन्याचे युनिट किलोवॅटच्या बेरजेतून काढू नका, मीटरचा चढता किलोवॅट-तास रजिस्टर वाचा. नेट दोन तास गेलं तरी बेरीज चुकत नाही. आकडा अगडबंब किंवा शून्याजवळ आला तर रजिस्टरच्या दोन शब्दांचा (डेटाच्या दोन भागांचा) क्रम उलटा करून बघा.

दुसरं, महावितरणचं बिल एप्रिल २०२० पासून २० किलोवॅटवरच्या लघुदाबालाही केव्हीएएचवर आहे, म्हणजे पॉवर फॅक्टर बिघडला की बिल वाढतं. रात्री लोड नसताना कॅपॅसिटर चालू राहिले तर पॉवर फॅक्टर लीडिंग होतो (करंट व्होल्टेजच्या पुढे जातो) आणि तोही बिलात लागतो. मेन मीटरवर रात्रीच्या पॉवर फॅक्टरचा अलर्ट लावा. तो मालकाच्या मोबाइलवर नको, शिफ्ट सुपरवायझरच्या द्या; स्विच त्याच्या हाताशी असतो.

गिऱ्हाइकाच्या फॉर्ममध्ये ग्रिडचे युनिट गुणिले केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचा त्या वर्षीचा गुणांक, साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड प्रति युनिट. कोणत्या वर्षाचा धरला तेही लिहा. जनरेटरचं डिझेल वेगळ्या रकान्यात, लिटरला सुमारे २.७ किलो.