‘आठ वजनगटांतला जगज्जेता’ म्हणजे नेमकं काय?

प्रश्न : मुष्टियोद्धा मॅनी पॅकियाओचा उल्लेख ‘आठ वजनगटांतला जगज्जेता’ असा होतो. म्हणजे त्याच्याकडे आठ किताब एकाच वेळी होते का? मुष्टियुद्धात असं चालतं?

उत्तर : एकाच वेळी कधीच नव्हते. पहिलं जगज्जेतेपद त्याने १९९८ मध्ये फ्लायवेटला, म्हणजे ५०.८ किलोच्या मर्यादेत मिळवलं. आठव्या गटातलं २०१० मध्ये, सुपर वेल्टरवेटला. मधल्या काळात तो गटागटाने वर सरकला आणि मागचे किताब सुटत गेले. फ्लायवेटचा तर १९९९ मध्ये वजन मर्यादेत न बसल्यामुळे रिंगणात उतरण्याआधीच गेला होता. शिवाय या आठांतले फेदरवेट आणि लाइट वेल्टरवेटचे मान किताब देणाऱ्या प्रमुख संघटनांचे नव्हेत, ‘द रिंग’ या मुष्टियुद्धाच्या मासिकाच्या मान्यतेचे आहेत, हेही मोजताना लक्षात ठेवावं.

म्हणून ‘आठ वजनगटांत जगज्जेतेपद मिळवलेला’ असं लिहिणं मला योग्य वाटतं. ‘जगज्जेता’ पूर्वी जिंकलेल्यालाही म्हणतात आणि आज किताब बाळगणाऱ्यालाही. ‘पद’ म्हटलं की ते मिळतं, सांभाळावं लागतं, सोडता येतं, काढूनही घेतलं जातं. मुष्टियुद्धाचे नियम नेमके याच क्रियापदांभोवती फिरतात.

पुढचा प्रश्न : पण जुन्या काळच्या हेन्री आर्मस्ट्राँगकडे तीन गटांतले किताब होते ना?

उत्तर : होते, आणि खरोखरच एकाच वेळी. ऑक्टोबर १९३७ मध्ये फेदरवेट, मे १९३८ मध्ये वेल्टरवेट, ऑगस्ट १९३८ मध्ये लाइटवेट. तेव्हा मुख्य गट आठच होते, त्यामुळे ही कामगिरी आजच्या तीन गटांपेक्षा कितीतरी मोठी. आज गट १७, काही संघटनांत १८, आणि प्रमुख संघटना चार.

दोन गटांतली पदं एकत्र ठेवू द्यायची की नाही, हे प्रत्येक संघटना ठरवते. डब्ल्यूबीओ (वर्ल्ड बॉक्सिंग ऑर्गनायझेशन) या संघटनेच्या नियमात ते बसत नाही. मे २०१५ मध्ये फ्लॉइड मेवेदरने पॅकियाओला हरवून डब्ल्यूबीओचं वेल्टरवेट पद जिंकलं, पण वरच्या गटातली दुसऱ्या संघटनांची पदं सोडली नाहीत, संघटनेला द्यायचं २ लाख डॉलरचं शुल्कही मुदतीत भरलं नाही. जुलैमध्ये त्याचं पद काढून घेण्यात आलं. डब्ल्यूबीसी (वर्ल्ड बॉक्सिंग कौन्सिल) या दुसऱ्या संघटनेने मात्र याच मेवेदरला वेल्टरवेट आणि सुपर वेल्टरवेट अशी दोन्ही पदं ठेवू दिली होती. या बंधनामागे कारण आहे. प्रत्येक गटात अधिकृत आव्हानवीर ताटकळत असतो आणि विजेत्याने ठरावीक मुदतीत त्याच्याशी लढायचं असतं. दोन गटांत पाय ठेवणारा एका रांगेला तरी अडवतोच.

एकाच लढतीत दोन गटांची पदं पणाला लागल्याचंही उदाहरण आहे. नोव्हेंबर १९८८ मध्ये शुगर रे लेनर्ड आणि डॉनी लालोंड यांच्यात डब्ल्यूबीसीची सुपर मिडलवेट आणि लाइट हेवीवेट ही दोन्ही पदं होती. ते जमलं कारण लाइट हेवीवेटचा विजेता लालोंड खालच्या गटाच्या मर्यादेत, ७६.२ किलोत उतरायला तयार झाला. लेनर्डने दोन्ही जिंकली आणि वरच्या गटातलं लवकरच सोडलं.

आणखी एक शंका : मग ‘पद गमावलं’ कधी म्हणायचं?

उत्तर : हरल्यावर, किंवा वजनात बसला नाही तर. नाओया इनोउएने डिसेंबर २०२२ मध्ये बँटमवेटची चारही संघटनांची पदं एकत्र आणली आणि जानेवारी २०२३ मध्ये वरच्या गटात जाण्यासाठी ती सगळी सोडली. त्याने ती ‘गमावली’ असं लिहिलं तर न झालेला पराभव त्याच्या नावावर लागतो. इथे ‘सोडली’च हवं, मेवेदरच्या बाबतीत ‘काढून घेतलं’.