मेम्फिस ला ब्लुसेरा कुणी ऐकलाय का? आणि मराठीत ब्लूज जमेल का?

कृष्णाकाठचा_गिटारवाला
नमस्कार मंडळी. मी सांगलीचा, विश्रामबागेत राहतो. आमचा चौघांचा बँड आहे. गणपतीत, गॅदरिंगला वाजवतो. गाणी इंग्रजी, नाहीतर हिंदी. परवा यूट्यूबवर एकातून दुसरं लागता लागता अर्जेंटिनाच्या 'मेम्फिस ला ब्लुसेरा'चं 'मोस्कातो, पिझ्झा इ फाइना' लागलं. स्पॅनिशचं अक्षर कळत नाही, तरी रात्री उशिरापर्यंत तेच ऐकत बसलो. आमचा ड्रमर म्हणतो, ब्लूज (अमेरिकेच्या दक्षिणेत, कापसाच्या शेतांवर राबणाऱ्या काळ्या लोकांमधून आलेलं दुःखाचं गाणं) इंग्रजीतच शोभतो, मराठीत गायलो तर लोक हसतील. मला ते पटत नाही, पण उत्तरही देता येत नाही. हा बँड इतकी वर्षं कशावर टिकला? आधी काय ऐकू?

तारकरी_मिरज
तुमच्या ड्रमरला आधी एक सांगा. स्पॅनिशमधल्या ब्लूजचा पाया ज्यानं घातला तो हाविएर मार्तिनेझ स्वतः ड्रमरच होता. ड्रम वाजवत गायचा आणि गाणी लिहायचा. 1968 मध्ये क्लाउदिओ गाबिस गिटारवर, आलेहान्द्रो मेदिना बासवर आणि हा, अशा तिघांनी 'मानाल' काढला. त्यांचं 'आवेयानेदा ब्लूज' ऐका, 1970 च्या पहिल्या अल्बममध्ये आहे. आवेयानेदा म्हणजे ब्युनोस आयर्सला लागून दक्षिणेकडची कारखान्यांची वस्ती. गाण्यात मिसिसिपी नाही, कापसाची शेतं नाहीत. आहे ती रेल्वे, चिखल आणि कारखाने. तिथून पुढं कुणाला परवानगी विचारायची गरज राहिली नाही.

मेम्फिस 1978 चा. आद्रियान ओतेरो गायला, दानिएल बेइसेरमान बासवर, एमिलिओ विल्यानुएवा सॅक्सोफोनवर. साल नीट बघा. देशात 1976 पासून लष्कराची राजवट होती, ती 1983 पर्यंत चालली. अशा काळात बँड उभा करून लहान लहान जागांत वाजवत राहणं सोपं नव्हतं. मग 1982 चं ब्रिटनशी माल्विनासचं युद्ध आलं (आपण फॉकलंड म्हणतो), सरकारनं रेडिओवर इंग्रजी गाणी बंद केली आणि स्पॅनिश रॉकला एकदम जागा मिळाली. पुष्कळजण सगळं श्रेय त्या बंदीलाच देतात. मला ते मान्य नाही. बंदीनं दार उघडलं, पण आत यायला गाणी तयार होती म्हणून उपयोग झाला.

तुम्ही ऐकलेलं गाणंच घ्या. मोस्कातो म्हणजे गोडसर वाइन आणि फाइना म्हणजे हरभऱ्याच्या पिठाची भाजलेली जाड पोळी. जेनोवाकडून आलेल्या लोकांनी ती तिथं नेली आणि ब्युनोस आयर्समध्ये पिझ्झ्याच्या तुकड्यावर ठेवून खातात. रात्री उशिरा, खिशात फार पैसे नसताना खायचं हे खाणं. त्यावर ब्लूज लिहिला आणि सगळ्या शहरानं आपला मानला. टिकण्याचं कारण मला तरी एवढंच दिसतं.

आणि ओतेरोचा आवाज. मी तंबोऱ्याची कामं करतो, त्यामुळं माझा कान तिकडंच जातो. जवारी, म्हणजे तार जिच्यावर टेकते त्या घोडीची घासणी, नीट लागली की तारेच्या मूळ सुराभोवती जो झणकार उठतो, तसा त्याच्या खरखरीत आवाजात आहे. घासून गुळगुळीत केला असता तर मेला असता.

1990 च्या दशकात तिथं ब्लूजची मोठी लाट आली, त्यात मेम्फिस पुढं होता. त्या काळातलं 'ला बिफुरकादा' ऐका. मग मागं जाऊन पहिला अल्बम, 'आल्मा बाहो ला युविया'. 2008 मध्ये बँड फुटला, 2012 मध्ये ओतेरो मोटार अपघातात गेला. मला अजून वाईट वाटतं.

कराडचा_बासवाला
तारकरी काकांनी पापोचं नाव कसं घेतलं नाही! अर्जेंटिनाचा गिटारवाला नॉर्बेर्तो नापोलितानो, त्याचा बँड 'पापोज ब्लूज', 1970 पासून. 1993 मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये अमेरिकेतला ब्लूजचा मोठा गिटारवाला बी. बी. किंग, त्याच्याबरोबर वाजवलं त्यानं. 2005 मध्ये मोटारसायकलच्या अपघातात गेला. गिटारवाल्यांनी तिथून सुरुवात करावी. आणि आजही वाजवणारा बँड हवा असेल तर 'ला मिसिसिपी', रिकार्दो तापियाचा. 1980 च्या दशकाच्या शेवटापासून चालू आहे.

माहुलीची_लेक
मी साताऱ्याची, गाण्यातलं फार कळत नाही. पण ब्लूजमध्ये पहिली ओळ दोनदा म्हणतात आणि तिसरी उत्तर देते, असं वाचलं तेव्हा मला आजी आठवली. जात्यावर बसली की एक ओळ ती घ्यायची, समोरची चुलती तीच उचलायची, मग पुढची. दुःख सांगायची ती पद्धत आमच्या घरात होतीच. दादा, इंग्रजी गाण्यांची भाषांतरं करू नका. ओव्या ऐका आणि तिथून लिहा.

कृष्णाकाठचा_गिटारवाला
ताई, हे डोक्यातच आलं नव्हतं. 'आवेयानेदा' रात्री ड्रमरला ऐकवलं, दोनदा लाव म्हणाला. मी पुरावर लिहायला घेतलंय. 2019 ला आमच्या मामाचं गावभागातलं दुकान पाण्यात गेलं, त्यावर. अडचण अशी की मराठी शब्द लांब पडतात, ब्लूजचं एक कडवं ठेक्याच्या बारा आवर्तनांचं (बारा बार) असतं, त्यात ओळ मावत नाही.

तारकरी_मिरज
स्पॅनिशचंही तेच होतं. ओतेरो काय करतो ते ऐका: ठेक्याच्या आधीच ओळ उचलतो, अर्धी बोलल्यासारखी टाकतो आणि शेवटच्या शब्दावर थांबतो. पुढच्या जागेत सॅक्सोफोन बोलतो. तुमच्याकडं सॅक्सोफोन नसेल तर ती जागा गिटारनं भरा, शब्दांनी भरू नका. आणि मामांच्या दुकानात काय होतं ते गाण्यात नावानिशी येऊ द्या. 'महापूर' हा शब्द न घालता लिहून बघा. पहिलं कडवं झालं की इथं टाका.