घरी जोडलेला पीसी आणि न चालणारं वाय-फाय : गावाकडचे अनुभव लिहा

कपाशीवाला (समुद्रपूर तालुका, वर्धा)

२०११ साली मंजूर झालेली आणि २०१५ पासून भारतनेट म्हणून ओळखली जाणारी योजना आमच्या ग्रामपंचायतीपर्यंत पोचली, तिथून पुढे घरोघरी इंटरनेटची कनेक्शनं गेली. त्याच सुमारास पोट्ट्यांना पीसी स्वतः जोडायचा नाद लागला. बोर्ड (मदरबोर्ड), प्रोसेसर, रॅम नागपूरच्या सीताबर्डीवरून आणायचे, कॅबिनेट एसटीत मांडीवर घेऊन यायचं, रात्री बसून जोडायचं. स्क्रीन उजळली की घरात पेढे. आणि दुसऱ्या दिवशी मला फोन : "दादा, मोबाइलवर नेट पळून राह्यलं, पीसीवर काऊन नाही?"

राउटर तोच, खोली तीच, मग फरक कशाचा? माझं मत सांगून ठेवतो, पटलं नाही तर भांडा. मोबाइल आणि लॅपटॉप येतानाच अँटेनाची जागा ठरवून येतात. लॅपटॉपमध्ये ती बहुधा स्क्रीनच्या कडेने बसवलेली असते. घरी जोडलेल्या पीसीत ती जागा आपण ठरवायची असते, आणि कुणी ठरवत नाही. डबा लोखंडी, तो टेबलाखाली, पाठ भिंतीला, आणि अँटेना पाठीला. म्हणून माझा क्रम असा : आधी जागा, मग वीज, मग कार्ड, आणि विंडोज सगळ्यात शेवटी. बहुतेक लोक उलट्या टोकाने सुरू करतात, पुन्हा विंडोज टाकतात आणि दमून जातात.

तर लिहा. घर कसं आहे, मातीचं, टिनाचं की स्लॅबचं, हे नक्की सांगा, त्याशिवाय सिग्नलचं काही कळत नाही. "राउटर बंद करून चालू करा" हे कुणी लिहू नये, ते सगळ्यांनी केलेलं असते. दुकानाचं, कंपनीचं नाव घेऊन शिव्या नकोत.

वरुडचा संत्रेवाला

भाऊ, तुमी पाठीचं बोलले तं माह्या साळ्याचा किस्सा आयका. त्यानं वाय-फायवाला बोर्ड घेतला, महागाचा. राउटर त्याच खोलीत असला तं नेट चाले, समोरच्या खोलीत नेला का बंद. त्यानं ड्रायव्हर (वाय-फाय चालवणारं सॉफ्टवेअर) टाकले, काढले, पुन्हा टाकले. एका जाणत्यानं तं बोर्डच खराब हाय म्हणून सांगतलं.

मी गेलो तं डब्याच्या मागं दोन पिवळे आटे उघडेच दिसून रायले. पुसलं, "याच्या अँटेना कुठी हायेत?" तं म्हणे, कोणत्या अँटेना? बोर्डाचा खोका माळ्यावर होता, त्यात पुडीत दोनई जशाच्या तशा. हातानंच कसल्या, पाना लागत नाही. तिथल्या तिथं नेट धावलं. वाय-फायवाल्या बोर्डाच्या खोक्यात अँटेना बहुतेक असतेच, तं खोका पाहिल्याबिगर बोर्डाले नावं ठेवू नका. अन् तारेची चुंबकवाली अँटेना आली असन तं ते मागं लोंबकळत सोडू नका, टेबलावर आणून उभी करा.

सेवाकेंद्रवाली (लाखांदूर, भंडारा)

माझं आपले सरकार सेवा केंद्र आहे. पीसी भावाने जोडून दिला, त्यात वाय-फाय नव्हतं, म्हणून छोटा यूएसबी डोंगल मागच्या बाजूला लावला. एरवी सगळं नीट. पण पीक विम्याच्या दिवसांत, लोक सातबारा अन् पासबुक घेऊन ओळीने बसलेले असताना, नेट नेमकं तुटायचं. कधी तुटते हे पाहत गेले तेव्हा लक्षात आलं की मी स्कॅन केलेल्या फायली बाहेरच्या हार्ड डिस्कवर टाकते तेव्हाच. आणि त्याच वेळी बिनतारी माउसही अडखळतो! माउसने मला खरा रस्ता दाखवला.

कारण असं की यूएसबी ३ च्या पोर्टमधून आणि तारेतून माहिती वेगाने जाताना जो रेडिओ गोंगाट होतो, तो २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातही पडतो. वाय-फाय तिथेच, माउसही तिथेच. इंटेलने २०१२ मध्ये यावर सविस्तर लिहून ठेवलं आहे, म्हणजे ही काही माझी शोधपत्रकारिता नाही. डोंगल हार्ड डिस्कच्या अगदी शेजारच्या भोकात होता. मी हार्डवेअरच्या दुकानातून मीटरभराची यूएसबी एक्स्टेन्शन वायर आणली, डोंगल टेबलाच्या दुसऱ्या टोकाला, वर, खिडकीच्या चौकटीला बांधला. माउसचा रिसीव्हर पुढच्या काळ्या, म्हणजे यूएसबी २ च्या, पोर्टमध्ये. बोटांचे ठसे घ्यायचं मशीन जिथे होतं तिथेच राहू दिलं, त्याचा काही त्रास नाही. तेव्हापासून डिस्क चालू असतानाही फॉर्म जातात.

डोंगल घेताना दोन्ही पट्ट्यांचा, म्हणजे ५ गिगाहर्ट्झवालाही, घेतला तर हा त्रास मुळातच टळतो. फक्त राउटर जवळ हवा, ५ चा सिग्नल भिंतीतून फार जात नाही.

निवृत्त मास्तर (अचलपूर तालुका)

ताईंचं निरीक्षण उत्तम. माझी तक्रार ऋतूप्रमाणे येत असे. हिवाळ्यात वाय-फाय ठणठणीत, अक्षय तृतीया आली की मान टाकायचं, मृगाचा पाऊस पडला की पुन्हा ठीक. मुलगा म्हणे उन्हाने राउटर तापतो. तापतो हे खरं, आमच्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो. पण रात्री दोनला, थंड झाल्यावरही तेच.

घर जुनं, भिंती मातीच्या आणि चांगल्या रुंद. राउटर बैठकीत, संगणक आतल्या खोलीत. मोबाइलवर सिग्नलची ताकद मोजणारं ॲप घेऊन घरभर फिरलो. हे आकडे उणे असतात. उणे पन्नास म्हणजे छान, उणे सत्तरच्या पुढे रडगाणं, उणे ऐंशीला पान उघडत नाही. फिरताना समजलं की भिंतीतून जवळजवळ काहीच येत नव्हतं. जे काही येत होतं ते दारातून. आणि उन्हाळ्यात त्या दारात आम्ही कूलर लावतो! पत्र्याचा डबा, तीन बाजूंनी ओल्या ताट्या, खाली टाकीभर पाणी. पत्रा लहरी अडवतो, पाणी त्या पिऊन टाकतं. उणे साठच्या आसपासचा सिग्नल कूलर दारात आला की ऐंशीपर्यंत उतरायचा.

कूलर हलवा असं घरात म्हणायची कुणाची छाती? राउटर दाराच्या वरच्या झरोक्यात ठेवला, कूलरच्या डोक्यावरून दोन्ही खोल्यांकडे तोंड करून. तिथून संगणकापर्यंत लॅनची वायरच टाकली. तांब्याची लॅन वायर १०० मीटरपर्यंत चालते, घरात तेवढं अंतर कुणाचं? माझं स्पष्ट मत आहे की टेबलावरून न हलणाऱ्या यंत्राला वाय-फायवर ठेवणं हाच हट्ट आहे.

तिवसेकर

सर, नमस्कार. वायर आम्हीही टाकली होती, उंदरांनी एका पावसाळ्यात ठेवली नाही. पाइपातून नेली तरच टिकते. दुसरं, घरातल्या घरात वायर ठीक, पण घरापासून गोठ्यापर्यंत किंवा शेतातल्या खोलीपर्यंत उघड्यावरून तांब्याची वायर नेऊ नका. जवळपास वीज कडाडली की तारेत दाब चढतो अन् दोन्हीकडचे पोर्ट जातात. आमच्या शेजाऱ्याचा राउटर आणि बोर्डावरचा लॅनचा पोर्ट एकाच रात्री गेला, बाकी पीसी शाबूत. त्याला नाइलाजानं वाय-फायवरच यावं लागलं. तिथं हट्ट नाही, मजबुरी म्हणा.

निवृत्त मास्तर

उघड्यावरच्या तारेचं मान्य. तिथे फायबर टाकावी, तिच्यात वीज वाहत नाही.

पांढरकवड्याचा इलेक्ट्रिशियन

वीज कुणी लिहिलीच नाही म्हणून मी लिहितो. आमच्याकडे लाइन जाते, येते, परत जाते. अशा झटक्यानंतर कधी कधी पीसी सुरू होतो पण वाय-फायचं बटनच गायब. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डावर पिवळा त्रिकोण, कोड १०, म्हणजे कार्ड सुरूच होत नाही. लोक कार्ड जळलं समजून नवीन मागवतात.

आधी हे करा. पीसी बंद करा. मागचा प्लग भिंतीतून काढा, नुसतं स्विच नाही. मग पॉवरचं बटन अर्धा मिनिट दाबून धरा, थोडं थांबा, प्लग लावा, सुरू करा. बरीच कार्डं यातच परत येतात. कारण साधं आहे. पीसी बंद दिसला तरी प्लग लागलेला असेपर्यंत एसएमपीएस (पीसीतला वीज देणारा डबा) बोर्डाला ५ व्होल्टचा बारीक पुरवठा देतच असते. अडकलेलं कार्ड त्या पुरवठ्यावर अडकलेलंच राहते. नुसत्या रिस्टार्टने त्याची वीज तुटत नाही.

विंडोजमधलं "फास्ट स्टार्टअप"ही बंद करून टाका. ते चालू असलं की शटडाउन पुरतं होत नाही, जुनं अर्धं तसंच जपून ठेवून पुन्हा उठवते. आणि कार्डाच्या प्रॉपर्टीजमध्ये पॉवर मॅनेजमेंट नावाचा भाग असेल तर "वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करू द्या" अशा अर्थाची खूण काढा. काही वेळ पीसी तसाच सोडला की नेट जाते, त्यातल्या अनेकांचं औषध हेच.

आर्वीची मावशी

माझं लहानसंच. वाय-फाय "जोडलेलं" दाखवे, पण एकही साइट उघडेना, प्रत्येक ठिकाणी कनेक्शन सुरक्षित नाही म्हणून लाल पान. भाचीने खाली कोपऱ्यातली तारीख पाहिली, ती कित्येक वर्षं मागची. बोर्डावरचा रुपयाएवढा सेल, सीआर २०३२, संपला होता. प्लग काढून ठेवला की घड्याळ त्या सेलवर चालते, अन् आम्ही विजेच्या भीतीने रोजच प्लग काढतो. तारीख चुकली की साइटचं प्रमाणपत्र ब्राउझरला खोटं वाटते. बाजाराच्या दिवशी घड्याळवाल्याकडून सेल आणला, तारीख लावली, झालं.

धानपट्टा (आमगाव, गोंदिया)

कार्डाबद्दल कुणीतरी लिहायला हवं. माझ्या मित्राचा एएमडीचा बोर्ड, त्यात एम.२ चं रिकामं खोबण, वाय-फायसाठीचं. दुकानदाराने इंटेल एएक्स२०१ कार्ड दिलं. बसलं अगदी बरोबर, स्क्रूही लागला, पण विंडोजला दिसेना. कार्डात दोष नव्हता. एएक्स२०१ आणि एएक्स२११ ही कार्डं अर्धीच असतात; वाय-फायचा उरलेला भाग इंटेलच्या चिपसेटमध्ये किंवा प्रोसेसरमध्ये असतो. एएमडीच्या बोर्डात तो भाग नाहीच, मग कार्ड बोलणार कुणाशी? त्या जागी एएक्स२१० चालते, ते पूर्ण कार्ड आहे. नावात एक-दोन आकड्यांचा फरक, म्हणून पावती करायच्या आधी बोर्डाचं मॉडेल दुकानदाराला दाखवाच. तो "सगळ्यात चालते" म्हणेल. ऐकू नका.

पीसीआय एक्स्प्रेस स्लॉटात बसणारं कार्ड घेतलं असेल आणि वाय-फाय चालते पण ब्लूटूथ नाही, तर त्याच्यासोबत आलेली बारीक वायर बोर्डावरच्या यूएसबी २ च्या नऊ पिनांना लावलेली आहे का बघा. कार्डाचं ब्लूटूथ त्या वायरीवर चालते.

चामोर्शीची पोट्टी

मी स्वतः जोडला, बीएस्सीला आहे. माझी अडचण सगळ्यांच्या आधी आली. विंडोज ११ टाकताना मधेच ते नेट मागते, आणि वाय-फायचा ड्रायव्हर अजून टाकलेला नसतो. ड्रायव्हर हवा तर नेट, नेट हवं तर ड्रायव्हर. बाबा म्हणाले, परत घेऊन जा नागपूरला.

मोबाइल चार्जिंगच्या वायरने पीसीला लावला आणि सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग सुरू केलं. पीसीला ते लॅनसारखं दिसते. भारी गोष्ट अशी की मोबाइल घरच्या वाय-फायवर असला तरी चालते, मोबाइलचा डेटा खर्च होत नाही. मोबाइलच तुमचं वाय-फाय कार्ड होते. आमच्याकडे टॉवरचं काही खरं नाही, त्यामुळे हे फार कामाचं. मग बोर्डाच्या साइटवरून नेमक्या मॉडेलचा ड्रायव्हर घेतला. आता मैत्रिणी पीसी जोडणार असल्या तर मी आधीच ड्रायव्हर पेनड्राइव्हवर टाकून ठेवायला सांगते.

लिनक्सवाल्यांसाठी : काही स्वस्त डोंगल लावले की ते सीडी ड्राइव्ह म्हणून दिसतात, कारण ड्रायव्हर त्यांच्या पोटात असतो. तो "ड्राइव्ह" इजेक्ट केला की काही डोंगल वाय-फाय म्हणून जागे होतात.

वणीचा पोट्टा

नवीन राउटर आल्यावर जुना पीसी जोडला जाईना, पासवर्ड बरोबर असून. राउटरवर नुसतं डब्ल्यूपीए३ (वाय-फायच्या सुरक्षेची नवी पद्धत) होतं, जुन्या कार्डाला ते कळत नव्हतं. डब्ल्यूपीए२ आणि ३ मिश्र ठेवलं, जोडला गेला. २.४ चा चॅनेलही आपोआपवर न ठेवता १, ६ किंवा ११ पैकी जो शेजारी वापरत नाहीत तो दिला. आमच्या गल्लीत आता प्रत्येक घरी राउटर आहे.

धारणीहून

सगळं वाचलं. माझा पीसी मात्र ७२ एमबीपीएसच्या वर जातच नाही. अँटेना वर आहे, सिग्नल पूर्ण, कूलर नाही, प्लग काढून पाहिला. काय बदलू?

कपाशीवाला

दादा, तुमचा डोंगल एका अँटेनाचा, २.४ वरचा जुन्या पद्धतीचा असेल. त्याची साध्या रुंदीच्या चॅनेलवरची कमाल मर्यादा ७२ च आहे, म्हणजे तो बिचारा पूर्ण ताकदीनं चालून राह्यला. खऱ्या डाउनलोडला त्यातलं साधारण अर्धं मिळते. तुमचं कनेक्शन ३० चं असेल तर काहीच बदलू नका. १०० चं घेतलं असेल तरच दोन पट्ट्यांचा डोंगल घ्या, नाहीतर ते पैसे राउटरच्या छोट्या यूपीएसमध्ये घाला. लाइन गेल्यावरही नेट राहील, तुमच्याकडे त्याचीच जास्त गरज आहे.