इटालियन भाषेचा इतिहास शिकायचाय: आधी लॅटिन की आधी दान्ते?

अर्धाकप

मंडळी, थोडं मार्गदर्शन हवंय. पुण्यात इटालियन शिकतेय, बी-वन (मधली पातळी) झालं. परवा वर्गात बाईंनी दान्तेच्या महाकाव्यातल्या 'नरक' या भागाच्या सुरुवातीच्या ओळी वाचून दाखवल्या आणि चक्क निम्म्याहून जास्त कळल्या. ज्ञानेश्वरी साधारण त्याच काळातली, पण तिथे मला दर ओवीला टीप लागते. इटालियन सातशे वर्षांत बदललीच नाही की काय? आता हा इतिहास नीट शिकायची हुक्की आली आहे. लॅटिन शिकल्याशिवाय जमेल का? भांडवल म्हणाल तर दहावीचं 100 मार्कांचं संस्कृत.

जुनापुराणा

लॅटिन लागेल, पण सिसेरोसारख्या अभिजात लेखकांचं नव्हे. विभक्त्या पाठ करत बसलात तर वर्षभर तिथेच अडकाल. रस्त्यावरचं लॅटिन बघा. त्यासाठी 'आपेंदिक्स प्रोबी' नावाची एक यादी आहे. कुणा मास्तराने वैतागून 'असं म्हणा, तसं म्हणू नका' अशा 227 जोड्या लिहून ठेवल्यात. स्पेकुलुम म्हणा, स्पेक्लुम नको. वेतुलुस म्हणा, वेक्लुस नको. आउरिस म्हणा, ओरिक्ला नको. आता आजचे शब्द बघा: आरसा स्पेक्क्यो, म्हातारा वेक्क्यो, कान ओरेक्क्यो. मास्तरांनी जे जे खोडलं, नेमकं तेच टिकलं! मधला 'उ' गळून 'क्ल' झाला आणि 'क्ल'चा पुढे 'क्य'. क्लावेमची क्यावे, म्हणजे किल्ली, तीही याच वाटेने आली. 'फ्ल' आणि 'प्ल'चंही तेच: फ्लोरेमचं फ्योरे, प्लानुमचं प्यानो.

तुमचं संस्कृत इथे कामी येईल. सप्तचं प्राकृतात सत्त झालं, तसं सेप्तेमचं सेत्ते. अष्टचं अट्ठ, तसं ओक्तोचं ओत्तो. मराठीने पुढे एक व्यंजन गाळून मागचा स्वर लांबवला (सात, आठ), इटालियन द्वित्तावरच (दुहेरी व्यंजनावरच) थांबली. ज्याने थोडं प्राकृत चाळलंय त्याला हे नियम नवे वाटणार नाहीत.

मग बोलीचा जुना लेखी नमुना बघायला 960 सालच्या कापुआ या गावाला जा. मोन्तेकास्सीनोच्या मठाचा जमिनीचा दावा. निकालपत्र सगळं लॅटिनमध्ये, पण साक्षीदारांची जबानी लोकांच्या बोलीत: 'साओ को केल्ले तेर्रे, पेर केल्ले फिनि के कि कोन्तेने, त्रेन्ता आन्नि ले पोस्सेत्ते पार्ते सांक्ति बेनेदिक्ति.' म्हणजे, त्या जमिनी, इथे दिलेल्या चतुःसीमेसह, तीस वर्षं संत बेनेदिक्ताच्या मठाच्या ताब्यात होत्या हे मला ठाऊक आहे. तीन साक्षीदार, तिघांचं एकच वाक्य, शब्दही तेच. घोकून आणलेली साक्ष ही तेव्हाचीच पद्धत! थोडक्यात, वहिवाटीचा खटला. आणि ही बोली दक्षिणेची, फ्लोरेन्सची नव्हे, हे विसरू नका.

दान्ते कळतो त्याचं कारण वेगळंच आहे. 1525 मध्ये बेंबो या विद्वानाने, तोही व्हेनिसचा माणूस, पेत्रार्का आणि बोक्काच्चो यांची चौदाव्या शतकातली फ्लोरेन्ती हीच लिहिण्याची आदर्श भाषा ठरवली. दान्तेची भाषाही फ्लोरेन्तीच, पण तो बेंबोला जरा रांगडाच वाटायचा. 1583 मध्ये फ्लोरेन्समध्ये क्रुस्का ही भाषेची अकादमी निघाली, 1612 मध्ये तिचा कोश छापला गेला. लिखित भाषेला चौकट बसली. घरात जो तो आपापली बोली बोलत राहिला. 1861 च्या इटलीच्या एकीकरणाच्या वेळी इटालियन येणारे भाषाशास्त्रज्ञ दे माउरोच्या हिशोबाने लोकसंख्येच्या 2.5 टक्के होते. दुसरा अभ्यासक कास्तेल्लानी याने तो आकडा 10 टक्क्यांच्या आसपास नेला. वाद आहेच. पण कुठलाही आकडा घ्या, जी भाषा इतके थोडे लोक बोलतात ती झिजणार कशी? ज्ञानेश्वरीची मराठी तोंडोतोंडी फिरली, म्हणून आपल्याला टीपा लागतात.

बर्गामोकर

जुनापुराणांशी बहुतांशी सहमत. पण 'बोली' म्हणताच लोकांना वाटतं, बिघडलेली इटालियन. तसं नाही हो. आमच्या खालच्या मजल्यावरच्या सिन्योरा ऐंशीच्या पुढच्या आहेत, माझ्याशी इटालियन आणि बहिणीशी फोनवर बर्गामास्क, म्हणजे इथल्या बर्गामोची बोली. दुधाला म्हणतात 'लाच'. ते लात्तेचं भ्रष्ट रूप नाही. लॅटिन लाक्तेममधल्या 'क्त'चं तोस्कानात (फ्लोरेन्सच्या प्रांतात) 'त्त' झालं, इकडे लोंबार्दियात 'च' झालं. सख्ख्या बहिणी आहेत या, आई-मुली नव्हेत. ला स्पेझिया ते रिमिनी अशी एक रेघ भाषाशास्त्रज्ञ ओढतात. तिच्या उत्तरेला द्वित्तं सुटी होतात, शब्दाच्या शेवटचे स्वर गळतात. नकाशा समोर ठेवूनच इतिहास वाचा.

सिन्योरांकडूनच ऐकलं: 1960 नंतर आल्बेर्तो मांझी नावाचे शिक्षक टीव्हीवर मोठ्या कागदावर कोळशाने चित्रं काढत निरक्षर प्रौढांना अक्षरं शिकवायचे. सिन्योरांच्या वडिलांची सही तिथूनच आली. देशाला एक भाषा बोलायला लावण्यात बेंबोपेक्षा टीव्हीचा वाटा मोठा, असं माझं मत.

वाचनखूण

कादंबरीकार मान्झोनी राहिला की! मिलानचा माणूस, घरी मिलानी आणि फ्रेंच. 1827 मध्ये 'इ प्रोमेस्सी स्पोझी' ही कादंबरी छापून झाल्यावर फ्लोरेन्सला गेला आणि 1840 पासूनच्या आवृत्तीसाठी अख्खी भाषा तिथल्या सुशिक्षितांच्या बोलण्याप्रमाणे बदलली. दोन्ही आवृत्त्या शेजारी ठेवून एकच प्रकरण वाचा. एग्लीच्या जागी लुई किती ठिकाणी आलंय ते बघा. पुस्तकी सर्वनाम जाऊन बोलण्यातलं आलं.

अर्धाकप

बाप रे, भरपूर मिळालं. सिसेरोपासून सुटका झाली हे आवडलं! पण सुरुवात नेमकी कुठून करू? विद्यापीठात नाव घालणं सध्या शक्य नाही. नोकरी आहे.

जुनापुराणा

नाव घालायची गरजच नाही. क्रुस्काच्या कोशाच्या पाचही आवृत्त्या नेटवर फुकट शोधता येतात. पाचवी 1923 मध्ये 'ओझोनो'पाशी बंद पडली, तेव्हा प-पासूनच्या शब्दांसाठी चौथीवर भागवा. त्याआधीच्या शतकांसाठी राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या फ्लोरेन्समधल्या संस्थेचा 'तेझोरो' कोश आहे, तोही फुकट. रोज एकच शब्द घ्या. आज क्यावे घ्या: आधी लॅटिन रूप, मग तेझोरोतली सगळ्यात जुनी नोंद आणि ती कुठल्या गावची, मग 1612 ची व्याख्या. दोन्हीकडे स्पष्टीकरण इटालियनमध्येच आहे, पण बी-वनला झेपतं. अडलात तर इथेच विचारा, बर्गामोकरांच्या सिन्योरा आहेतच.