बाबा म्हणतात "पिवळा त्रिकोण हाय, लाल नाही." फवारणीनंतर नजर धूसर होते, काय करू?

आर्णीची_लेक

नमस्कार. मी पुण्यात नोकरी करते, घर आर्णी तालुक्यात. पोळ्याला गावी गेले होते. बाबा (वय ५८) पऱ्हाटीवर (कपाशीवर) फवारून आले आणि ओसरीत भिंतीला टेकून बसले. बनियान पिळून निघेल इतका घाम. तोंडाला सारखं पाणी सुटत होतं, दर मिनिटाला थुंकत होते. टीव्हीवरची अक्षरं दिसेनात म्हणाले. आईनं लिंबूपाणी दिलं, एक उलटी झाली, झोपले. सकाळी सहाला उठून परत वावरात! "दरसाल होते वं असं. फवाऱ्याच्या दिवशी डोकं दुखणारच."

मी बाटली पाहिली. प्रोफेनोफॉस आणि सायपरमेथ्रिन ही दोन कीटकनाशकं एकत्र, लेबलवर पिवळा त्रिकोण, म्हणजे विष किती जहाल ते सांगणारी खूण. लाल असतं तर गोष्ट वेगळी होती, असं बाबांचं म्हणणं. त्यात तुडतुड्याचं आणखी एक औषध आणि दुकानदारानं दिलेलं टॉनिक, तिन्ही एकाच बादलीत. काठी सापडली तर काठीनं ढवळतात, नाही तर हातानं. तोंडाला उपरणं बांधलं की झालं. मागच्या वर्षी मी कोट, चष्मा, हातमोजे असा अख्खा संच आणून दिला होता. तो कोठीत खुंटीला लटकलाय, "उकडते" म्हणून.

पिवळा म्हणजे खरंच कमी विषारी का? सकाळी बरं वाटतं म्हणजे अंगातून सगळं गेलं असं धरायचं का? आणि संच घालणारच नसतील तर निदान काय करून घेऊ? चार दिवसांनी पुन्हा फवारणी आहे.

जुनं_खोड

घाबरू नका. फवारणीला जाण्याआधी ग्लासभर दूध आणि चमचाभर तूप. आमचे वडील हेच करत. उलटी झाली नाही तर मिठाचं पाणी पाजून काढायची.

पंपवाला_घाटंजी

ताई, मी नऊ वर्षं दुसऱ्यांच्या वावरात फवारलं. पंपामागे पैसे, म्हणून जितके पंप जास्त तितकं बरं. २०१७ ला आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं २० च्या वर माणसं गेली, शेकडो भरती झाले. त्या भरतीतला मी एक. त्या साली पऱ्हाटी डोक्याबरोबर वाढली होती. गन वर धरून मारावं लागे आणि सगळं तुषार तोंडावर परत. हवेत दमटपणा असा की अंग वाळतच नव्हतं.

मी पण तुमच्या बाबांसारखंच नाक-तोंड बांधून घ्यायचो आणि समजायचो की बंदोबस्त झाला. दवाखान्यातून आल्यावर पंप उलटा करून पाहिला तर झाकणाचं वायसर चिरलेलं. दर वेळी वाकलो की पाठीवर दोन-चार थेंब, तिथून कमरेत, तिथून चड्डीत. संध्याकाळपर्यंत अख्खी पाठ ओली. मला वाटे घाम. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की फवारताना विष बहुतेक कातडीतूनच जातं, आणि सगळी कातडी सारखी नसते. मनगटाजवळच्या हातापेक्षा कपाळातून चौपट शिरतं, काखेतून सात-आठपट, आणि जांघेतल्या नाजूक जागेतून दहा-बारापट. म्हणजे माझं उपरणं नाकाला होतं आणि माल मागच्या दारानं आत येत होता. त्यात उपरणं भिजलं की तीच औषधाची पट्टी दिवसभर गालाला.

दुसरी गोष्ट खर्रा, तो सुपारी-तंबाखूचा. बाबा खातात का? मी दिवसाला पाच पुड्या खायचो. त्याच हातानं पन्नी चोळायची, त्याच हातानं तोंडात टाकायचा. नोझल तुंबलं की तोंडानं फुंकायचं. आता आठवलं तरी अंगावर काटा येतो.

संचाचं बाबा खोटं बोलत नाहीत. सप्टेंबरच्या उन्हात तो कोट घालून दहा पंप मारून दाखवावे कुणीही. शिवाय घामानं भिजलेल्या कातडीतून विष जास्तच जातं. म्हणून मी भांडण मिटवलं ते असं: औषध मोजून बादलीत ओतायचं काम दहा मिनिटांचं असतं, पण तेव्हा माल पाणी न मिसळलेला, नुसता अर्क असतो. ती दहा मिनिटं चष्मा, नायट्राइलचे कोपरापर्यंतचे हातमोजे आणि प्लास्टिकचा एप्रन, काही सूट नाही. दहा मिनिटांत कोणी उकडून मरत नाही. (मेडिकलमधले पातळ हातमोजे घेऊ नका, ते फाटतात.) मग फवारताना पूर्ण बाह्यांचा सदरा, फुलपँट, बूट, टोपी, चष्मा. पाठीला खताच्या पोत्यातली आतली प्लास्टिकची पिशवी फाडून, नवी असेल तर, नाही तर धुऊन. कातडी आणि पंप यांच्यामध्ये काहीतरी पाहिजे, बस.

सकाळी नऊ-साडेनऊला बंद. वारा पाठीवर किंवा बाजूनं, समोरून कधीच नाही. ज्या तासात (पिकाच्या ओळीत) फवारलं त्याच तासातून अंग घासत परत यायचं नाही. धुऱ्यावर (बांधावर) पाण्याची कॅन आणि साबणाची वडी आधी ठेवायची, मग पंप भरायचा. हातावर सांडलं तर "तास संपला की धुतो" हा हिशोब चालत नाही. नोझलसाठी जुना दात घासायचा ब्रश. खर्रा घरी.

एवढं केलं तरी ज्या माणसाला मागच्या आठवड्यात असं झालंय त्यानं चार दिवसांनी पंप उचलू नये. ते मला सिस्टरनं रागावून सांगितलं होतं, इथं कोणी दवाखान्यातलं असेल तर नीट समजावून सांगेल.

रात्रपाळी

मी स्टाफ नर्स, ग्रामीण रुग्णालय. आधी जुनं_खोड काकांना: दूध-तुपानं या विषाचं काही होत नाही, आणि मिठाच्या पाण्यानं उलटी तर कधीच करवू नका. या औषधांत रॉकेलसारखं द्रावक असतं. उलटीबरोबर ते फुप्फुसात गेलं तर एकाचे दोन आजार. पेशंट सुस्त असेल तर तोंडानं काहीच नाही. कपडे काढायचे, साबण लावून भरपूर पाण्यानं अंग, केस, नखं धुवायची. धुणाऱ्यानंही हातात मोजे किंवा प्लास्टिकची पिशवी घालायची. मग १०८ ला फोन, आणि बाटली सोबत. बाटली विसरू नका. प्रोफेनोफॉसच्या जातीच्या विषाला अॅट्रोपिन हा उतारा चालतो, पण बादलीत तीन औषधं असतील तर बाकीच्या दोघांचं काय ते आम्हाला वासावरून कळत नाही.

ताई, घाम, लाळ, उलटी, धूसर नजर हे सगळं एकत्र म्हणजे ते "डोकं दुखणं" नव्हे, विषबाधाच. आमच्याकडे असा पेशंट आला की आधी टॉर्च मारून डोळ्याची बाहुली बघतो, टाचणीच्या टोकाएवढी झालेली असते. आता सकाळी बरं का वाटतं ते. आपल्या मज्जातंतूंचा निरोप पोचला की तो पुसून टाकणारा एक पदार्थ शरीरात असतो, कोलिनेस्टरेज. हे विष त्यालाच धरतं. लक्षणं रात्रीत उतरतात, पण रक्तपेशींमधलं कोलिनेस्टरेज पूर्ण भरून यायला तीन-चार महिने लागू शकतात. चार दिवसांनी बाबा अंगातलं कोलिनेस्टरेज अर्धवट भरलेलं असतानाच वावरात उतरणार. तेवढ्याच फवाऱ्यानं यंदा जास्त होईल. रक्ताची तपासणी होते, करून घ्या.

अजून एक. बरं वाटल्यावर एक ते चार दिवसांत मानेतली ताकद जाते काही जणांची, मग श्वासाची. आम्ही वॉर्डात दर फेरीला पेशंटला म्हणतो, "काका, उशीवरून मान उचला." उचलता आली नाही तर डॉक्टरांना पळत बोलावतो. घरी बाबांकडून रोज हे करून घ्या.

काउंटरच्या_मागून

कृषी केंद्र चालवतो, त्रिकोणाचं सांगतो. १९७१ च्या कीटकनाशक नियमांप्रमाणे रंग असतात. प्रयोगातले निम्मे उंदीर तोंडावाटे किती मात्रेत मरतात त्यावर. किलोमागे १ ते ५० मिलिग्रॅम लाल, ५१ ते ५०० पिवळा, ५०१ ते ५००० निळा, पुढे हिरवा. लाल आणि पिवळ्यातलं अंतर ५० आणि ५१ चं, आणि पिवळ्यावरही विष असंच छापायचं असतं. हा हिशोब एका औषधाचा, एका डोसाचा. तिघांचं मिश्रण पंधरवड्यात तीनदा, याला त्रिकोण नाही.

आणि खरं सांगायचं तर "सोबत हेही टाका" हे आम्हीच म्हणतो. मीही म्हटलंय.

आर्णीची_लेक

सगळ्यांचे आभार. त्रिकोणाचं बाबांना पटलं नाही ("उंदराचं मले काय सांगते"), पण मान उचलायची गोष्ट ऐकून गप्प झाले. काल आत्तेभावासोबत यवतमाळला गेले, रक्त दिलं. कोलिनेस्टरेज कमी आलंय, डॉक्टरांनी हंगामभर पंप बंद सांगितलाय. आत्तेभावानं पंप पाहिला. वायसर चिरलेलंच होतं.

फोन ठेवता ठेवता आई म्हणाली, बाबांचे फवाऱ्याचे कपडे धुतले की माझी बोटं रात्रभर चुणचुणतात, मिरची लागल्यासारखी. किती वर्षांपासून, तर आठवत नाही म्हणे. मीही कधी विचारलं नव्हतं.

रात्रपाळी

ती चुणचुण सायपरमेथ्रिनची असू शकते, बहुधा दिवसाभरात उतरते. पण त्याच कपड्यांत प्रोफेनोफॉसही आहे. कपडे आधी बाहेरच काठीनं पाण्यात खंगाळायचे, मग हातमोजे घालून वेगळे धुवायचे, उन्हात वाळवायचे. तो खुंटीवरचा संच आहे ना, त्यातले मोजे आजच आईला द्या. आणि पुढच्या खेपेला तिचंही रक्त.