चार पडदे, एक नकाशा: चित्र पाठवायचं की फक्त जागा कळवायची?

अक्षांश:
गावातल्या शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी चार जुने पीसी आणि चार मॉनिटर नेटवर्कनं जोडून सह्याद्रीचा एकच सलग नकाशा दाखवतोय. माझं ठाम मत झालंय की अशा कामात तारेतून चित्र पाठवूच नये. हिशोब करून बघा. १९२० बाय १०८० पिक्सेलची एक फ्रेम, म्हणजे पडद्यावरचं एक पूर्ण चित्र, पिक्सेलला तीन बाइट धरले तर सुमारे ६२ लाख बाइट. सेकंदाला ६० फ्रेम धरल्या तर ३७ कोटी. गिगाबिट तारेतून जातात जास्तीत जास्त साडेबारा कोटी. एका पडद्यालाही पुरत नाही! गूगलच्या लिक्विड गॅलेक्सीत, म्हणजे अनेक पडद्यांवर मिळून एकच दृश्य दाखवणाऱ्या रचनेत, प्रत्येक मशीनवर गूगल अर्थ वेगळं चालतं. मुख्य मशीन यूडीपीवरून (पोच न मागता छोटे निरोप पाठवायची नेटवर्कची पद्धत) फक्त कॅमेरा कुठे आहे आणि कुठे बघतोय तेवढं कळवतं, बाकीची मशीन्स आपापल्या कोनातून चित्र काढतात.

रेघोट्या:
सहमत नाही. कच्चे पिक्सेल आता कोण पाठवतं? टेक्सास विद्यापीठाच्या संगणन केंद्रात स्टॅलियन नावाची ७५ मॉनिटरची भिंत होती, ३० कोटी पिक्सेलची. तिच्यासाठी लिहिलेलं डिस्प्लेक्लस्टर दुसऱ्या प्रोग्रामचं चित्र तुकडे करून, जेपेगमध्ये आवळून पाठवतं. म्हणजे आज नकाशा, उद्या सूक्ष्मदर्शकाचा कॅमेरा, भिंतीला फरक पडत नाही. तुमच्या पद्धतीत दर नव्या गोष्टीसाठी चारही मशीनवर नवा प्रोग्राम टाकावा लागेल.

अक्षांश:
कॅमेऱ्याचा मुद्दा मान्य. पण 'काहीही पसरवू' म्हणणाऱ्या एक्सडीएमएक्स या प्रोग्रामचं काय झालं? अनेक मशीनचे पडदे मिळून एकच डेस्कटॉप, कल्पना फार सुंदर होती. सांभाळायला कोणी उरलं नाही आणि २०२१ मध्ये एक्स.ऑर्ग सर्व्हरच्या (लिनक्सवर पडदा चालवणारं सॉफ्टवेअर) २१.१ आवृत्तीतून ते काढून टाकलं.

माझी खरी डोकेदुखी वेळ जुळवण्याची आहे. नकाशा सरकवताना कोकणकडा दुसऱ्या-तिसऱ्या मॉनिटरच्या सांध्यावर येतो. तिसरा पडदा एक फ्रेम, म्हणजे १६-१७ मिलिसेकंद मागे राहिला की कडा मधोमध तुटतो, आणि मुलं नेमकं तिथेच बोट ठेवतात. आता प्रत्येक मशीन फ्रेम काढून थांबतं, 'तयार' असं कळवतं, चौघांचं आलं की मगच चित्र बदलतं. तरी चार मॉनिटर आपापल्या तालावर रिफ्रेश होतात. साध्या ग्राफिक्स कार्डांवर तेवढा फरक राहतोच.

सरळमार्गी:
मग चार आउटपुटचं एकच कार्ड घ्या ना. एक मशीन, एक घड्याळ. आमच्या एका कार्यक्रमात वाय-फायवरून मल्टिकास्ट केलं होतं, म्हणजे एकच पॅकेट एकदम सगळ्या मशीनना. सकाळी रिकाम्या हॉलमध्ये झकास चाललं, लोक आल्यावर अर्धे पडदे गोठले. मल्टिकास्टमध्ये पोच येत नाही, हरवलेलं पॅकेट पुन्हा कोणी पाठवत नाही. मुलांच्या मेहनतीच्या दिवशी असा धोका पत्करू नका.

अक्षांश:
वाय-फाय नाहीच, सगळं तारेवर. आठवीच्या मुलींनी स्वतः क्रिंपिंग केलंय, म्हणजे तारेच्या टोकांना प्लग बसवलेत; आतल्या आठ तारांच्या रंगांचा क्रम त्यांना पाठ झालाय. हे पीसी भंगारात निघाले होते, नव्या कार्डाला पैसे नाहीत. आणि त्या आता पाचवा मॉनिटर कुठे लावायचा विचारतायत. चार आउटपुटच्या कार्डावर तो कुठे लावू?

रेघोट्या:
पिक्सेलबद्दल माझं मत तेच आहे. पण एक काम आजच करा: मॉनिटरच्या चौकटीची रुंदी मोजा आणि तेवढे पिक्सेल न दाखवता सोडून द्या. खिडकीच्या गजामागे डोंगर असतोच, फक्त दिसत नाही, तसं वाटलं पाहिजे. नाहीतर वेळ कितीही जुळवलीत तरी कड्याची तिरकी रेघ सांध्यावर पायरीसारखी सरकलेली दिसेल.